वडिलांचा छंद आणि घराची शाळा

आपल्या मराठी भाषेंत ‘छंद’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. कवितेच्या संबंधांत तो आला म्हणजे त्यास मान मिळतो. परंतु संसारी गृहस्थाच्या संबंधांत आला कीं, त्याच्या मागोमाग थोडी निंदाहि येते. ‘अमक्यास कसला तरी छंद लागला आहे’ असें म्हणतांना बोलणारा बहुधा मान हलवितो. आणि ‘छंदीफंदी’ म्हटलें म्हणजे तर त्या मनुष्याचा निकालच लागला. लहान मुलाचा छंद क्षम्य, कारण तें अजाण. म्हाताऱ्याचा छंद क्षम्य, कारण त्यास दुसरा उद्योग नाहीं. परंतु कर्त्या बापानें सुटीच्या दिवशीं करवत व रंधा घेऊन बसावें, जुनीं घड्याळें खोलावीं, टेकड्या चढाव्या किंवा दुर्बीण घेऊन पांखरें पाहावीं, म्हणजे घरचीं व शेजारचीं माणसें त्यास वेळ आणि पैसा दवडणारा ठरवितात. हें मत कितपत खरें आहे, ह्याचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एकत्र बसून करावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

माझें म्हणणें आरंभींच सांगतों. वडिलांचा छंद ही घराची चैन नव्हे; ती घराची एक शाळा होऊं शकते. मात्र त्यास दोन अटी आहेत. पहिली अट ही कीं, त्या छंदांत मुलांस खरा वांटा मिळाला पाहिजे. दुरून पाहण्याचा नव्हे, तर हातानें कांहीं करण्याचा. दुसरी अट ही कीं, त्या छंदाचा भार घरांतील कोणाच्या खांद्यावर पडतो, ह्याचा हिशेब वडिलांनीं स्वतः ठेविला पाहिजे. पहिली अट मोडली तर छंद एकलकोंडा होतो. दुसरी मोडली तर तो घराचा धनीच होऊन बसतो.

ह्या दोन्ही अटींचा अर्थ समजून घेण्यासाठीं फार दूर जावयास नको. आपल्याच नाशिक जिल्ह्यांतील एका घराची हकीकत त्यास पुरेशी आहे.

त्र्यंबकेश्वर येथें ३० एप्रिल १८७० रोजीं धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील संस्कृताचे पंडित होते. पुढें मुंबईच्या विल्सन कॉलेजांत ते संस्कृत शिकवूं लागले आणि कुटुंब मुंबईस गेलें. धुंडिराज हे जे. जे. कलाशाळेंत व नंतर बडोद्याच्या कलाभवनांत शिकले. चित्रकला, छायाचित्रण, छापखाना, जादूचे प्रयोग असे एक ना दोन, अनेक नाद त्यांस होते. जादूगार म्हणून ते ‘प्रोफेसर केळफा’ हें नांव घेत. आपल्याच आडनांवाचीं अक्षरें उलट्या क्रमानें मांडून त्यांनीं तें तयार केलें होतें. अशा गृहस्थास शेजाऱ्यांनीं छंदिष्ट म्हटलें असेल तर त्यांत नवल नाहीं.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईस गिरगांवांत ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’ नांवाचें चित्रगृह होतें. फाळके ह्यांच्या चरित्रांत अशी हकीकत येते कीं, थोरला मुलगा भालचंद्र ह्यास घेऊन ते तेथें गेले. पडद्यावर हालतीं-चालतीं जनावरें पाहून आलेल्या मुलानें ती नवलाई घरीं सांगितली, तेव्हां ती कोणास खरी वाटेना. मग फाळके दुसऱ्या दिवशीं घरच्या सर्व मंडळीस घेऊन गेले. त्या दिवशीं तेथें प्रभु येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट लागला होता. तो पाहतांना, आपल्या देशांतील श्रीराम व श्रीकृष्ण ह्यांच्या कथा अशा पडद्यावर कधीं येतील, हा विचार मनांत दाटून आला, असें फाळके ह्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे. मुलाचा शब्द खरा करण्यासाठीं काढलेली ती एका कुटुंबाची सहल होती. तिच्यांतून काय निघालें तें आज सर्वांस ठाऊक आहे.

परंतु मला ह्या हकीकतींतील सर्वांत बोधप्रद भाग तो वाटत नाहीं. मला महत्त्वाची वाटते ती एक मातीची कुंडी.

फेब्रुवारी १९१२ मध्यें फाळके इंग्लंडास गेले, तेथें थोडक्या दिवसांत चित्रपटाची कला पाहून आले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा त्यांनीं मागविला. कॅमेरा आला तेव्हां त्यांच्याजवळ चित्रपट काढण्यास पैसा नव्हता. प्रथम त्यांनीं दादर येथील आपल्या बंगल्याच्या आसपास खेळणाऱ्या मुलांचें चित्रण करून यंत्र अजमावून पाहिलें. नंतर त्यांनीं एका कुंडींत वाटाण्याचें बीं पेरलें, समोर कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ, रोज थोडें थोडें करून, त्या रोपाचें चित्रण केलें. ती फीत पडद्यावर चालविली तेव्हां अंकुर फुटला, देंठ वर आला, पानें उलगडलीं, आणि हें सर्व सुमारें एका मिनिटांत! ती एवढीशी फीत पाहून ज्यांस विश्वास वाटला, त्यांनीं पुढील चित्रपटासाठीं कर्ज दिलें.

आतां ह्या कुंडीकडे एका मुलाच्या दृष्टीनें पाहा. घरांत एक कुंडी आहे. तिला कोणी हलवावयाचें नाहीं. कॅमेऱ्याची जागा तसूभरहि बदलावयाची नाहीं. उजेड काल होता तसाच आज पाहिजे. रोज ठराविक काम ठराविक रीतीनें करावयाचें, आणि आज केलेल्या कामाचें फळ आज मुळींच दिसावयाचें नाहीं. महिना लोटल्यावर तें फळ एकदम दिसतें. धीर म्हणजे काय, नियमितपणा म्हणजे काय, निरीक्षण म्हणजे काय, हें आम्ही शिक्षक वर्गांत फळ्यावर लिहून सांगतों, आणि मुलें तें वहींत उतरवून घेतात. ज्या घरांत अशी एक कुंडी असते, त्या घरांतील मुलांस तें उतरवून घ्यावें लागत नाहीं.

त्या घरांत काम वांटून घेतलेलें होतें. कोऱ्या फितीच्या कडांस छिद्रें पाडल्यावांचून ती यंत्रांत चालत नसे. तीं छिद्रें अंधारांत बसून पाडावीं लागत. हें काम फाळके ह्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ह्यांनीं शिकून घेतलें. रसायनें कालविणें, फीत धुणें, चित्रणाच्या वेळीं पांढऱ्या चादरी धरून उन्हाचा उजेड वळविणें, हींहि कामें त्या करीत. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांसाठीं लागला. भारतांतील पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याची गणना होते. त्यांत रोहिदासाचें काम भालचंद्रानें केलें. त्यानंतर फाळके आपला कारखाना घेऊन नाशिकास आले. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ ह्या चित्रपटांत बाळकृष्णाचें काम त्यांच्या लहान मुलीनें, मंदाकिनीनें केलें. त्या चित्रपटाचा जो भाग आज शिल्लक आहे, त्याच्या आरंभींच ती मुलगी निरनिराळे भाव चेहऱ्यावर दाखविते व मग कृष्णाच्या वेषांत येते. तिचा तो चेहरा ज्यानें पाहिला, त्यास त्या घरांतील पितापुत्रीचें नातें कसें असावें, हें वेगळें सांगावें लागत नाहीं. त्या काळीं स्त्रियांचीं कामें पुरुष करीत असतां, एका बापानें आपल्या मुलीच्या अंगच्या गुणावर एवढा भरंवसा ठेवावा, ही गोष्ट आजच्याहि पालकांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. आज अनेक घरांत हातोडी मुलाच्या हातीं जाते आणि केरसुणी मुलीच्या हातीं. वडील पंख्याचें बटण दुरुस्त करूं लागले म्हणजे ‘पक्कड आण’ असें मुलास सांगतात. मुलगी जवळच उभी असते, परंतु ती दिसत नाहीं.

येथवर सांगितलें ती एक बाजू झाली. दुसरी बाजू झांकून ठेवणें हें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

चित्रपटाच्या ध्यासानें फाळके ह्यांनीं इतके खेळ पाहिले आणि इतका अभ्यास केला कीं, त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. उपचारांनीं ती परत आली, हें दैवच म्हणावयाचें. इंग्लंडास जाण्यासाठीं त्यांनीं विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकल्या. चित्रपटासाठीं सरस्वतीबाईंचे दागिने गेले. पडद्यामागचीं कामें करून शिवाय सर्व मंडळींचा स्वयंपाक त्यांनाच पाहावा लागे. आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या चित्रणाच्या वेळची एक हकीकत अशी सांगतात कीं, खेळतांना भालचंद्र दगडावर पडला, डोक्यास लागून बेशुद्ध झाला, आणि जवळच्या औषधांनीं उपचार केल्यावर, रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग घ्यावयाचाच होता तो त्याच अवस्थेंत घेतला गेला.

ही हकीकत सांगणारे बहुधा कौतुकानें सांगतात. काय ही निष्ठा, असें म्हणतात. मला मात्र ती ऐकून कौतुक वाटत नाहीं. फाळके ह्यांच्या थोरवीविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. १९६९ पासून देशांतील चित्रपटक्षेत्राचा सर्वोच्च मान त्यांच्या नांवानें दिला जातो, तो योग्यच आहे. परंतु मोठ्या कार्यास लागलेली किंमत ही मोठेपणाचा पुरावा मानूं नये. जें मूल काम करतांना ‘आतां पुरे’ असें म्हणूं शकतें, तें बापाचा सोबती आहे. जें तसें म्हणूं शकत नाहीं, तें त्याचें साहित्य झालें. सोबती आणि साहित्य ह्यांतील भेद कळणें हाच छंद आणि व्यसन ह्यांतील भेद कळणें होय. आपणांपैकीं फारच थोडे लोक फाळके होतील. परंतु ह्या भेदाची कसोटी मात्र प्रत्येक घरांत लागते. मुलाची परीक्षा असतां त्यास आपल्या ट्रेकिंगास ओढून नेणारा बाप, मुलीच्या चित्राचीं दहा छायाचित्रें काढून तीं चार लोकांस दाखविण्यांतच दंग झालेला बाप, मुलानें केलेली वांकडी पेटी रात्रीं गुपचूप सरळ करून ठेवणारा बाप, हे तिघेहि प्रेमळच आहेत. पण तिघांचाहि छंद मुलासाठीं न राहतां मूल छंदासाठीं झालें आहे.

कोणी म्हणेल, ‘तुम्ही एका असामान्य पुरुषाचें उदाहरण घेतलें. आम्हांस ना चित्रकला येते, ना जादू. आम्ही मुलांस काय देणार?’ अशांसाठीं एक दुसरें उदाहरण देतों. तें परदेशचें आहे, परंतु त्यांतील बाप अगदीं साधा आहे.

अमेरिकेंत मिल्टन राइट नांवाचे एक ख्रिस्ती धर्माधिकारी होते. धर्मकार्यानिमित्त त्यांस वारंवार घराबाहेर राहावें लागे. १८७८ सालीं एकदां घरीं परत येतांना त्यांनीं एक खेळणें आणलें. बूच, बांबू आणि कागद ह्यांचें तें केलेलें होतें. रबराचा पीळ सुटला म्हणजे त्याचे पंखे फिरत व तें उडून छतास जाऊन लागे. विल्बर त्या वेळीं ११ वर्षांचा होता आणि ऑरव्हिल ७ वर्षांचा. मुलांच्या हातीं तें खेळणें मोडलें. तेव्हां तसेंच दुसरें करण्याची खटपट त्यांनीं आरंभिली. पुढें १७ डिसेंबर १९०३ रोजीं ह्याच दोघां भावांनीं किटी हॉक येथें यंत्रानें चालणारें विमान उडविलें. पहिलें उड्डाण १२ सेकंद टिकलें व १२० फूट लांब गेलें. आपल्या विमानविद्येच्या ओढीचा उगम त्या खेळण्यांत आहे, असें ते स्वतः सांगत. त्यांच्या बापास विमानविद्येंतलें कांहींहि कळत नव्हतें. त्यानें एवढेंच केलें कीं, कुतूहल वाढेल अशी वस्तु घरीं आणली, आणि ती मोडली म्हणून मुलांस रागें भरला नाहीं. कारण त्या घरांत वस्तु उघडून पाहणें हा गुन्हा नव्हता. १९१० सालीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं, त्या वृद्ध बापास ऑरव्हिलनें आपल्या विमानांत बसवून आकाशांत नेलें. ज्यानें मुलांस कधीं काळीं एक खेळणें दिलें, त्यास मुलांनीं अशी सहल घडवून आणली! कोणत्याहि बापास ह्याहून अधिक व्याज कोणत्या ठेवीवर मिळेल?

आतां आपल्या नाशिकच्या घरांकडे वळूं.

डिसेंबर महिना आला म्हणजे आमच्या ख्रिस्ती घरांतून नाताळच्या ताऱ्याची तयारी होते, त्याआधीं हिंदु घरांतून आकाशकंदील होतात, आणि जानेवारींत पतंग येतो. ह्या तिहींस लागणारें साहित्य एकच : बांबूच्या कामट्या, दोरा, खळ आणि कागद. बाजारांत तिन्ही वस्तु तयार मिळतात, आणि त्या घरीं केलेल्यांपेक्षां दिसण्यास सुबक असतात, हें मीहि मान्य करतों. परंतु विकत घेतलेला तारा मुलास एवढेंच शिकवितो कीं, पैसे दिले म्हणजे वस्तु मिळते. घरीं केलेला तारा त्यास शिकवितो कीं, पांच टोकांपैकीं एक टोंक अर्धा इंच कमी झालें तर सर्व सांगाडा पिळवटतो. कामटी हिरवी असेल तर वांकते व फार वाळली असेल तर मोडते. खळ पातळ झाली तर कागद सुरकुततो. हें भूमितीचें व पदार्थविज्ञानाचें शिक्षण आहे, आणि तें बाबांच्या शेजारीं जमिनीवर बसून मिळतें. येवल्यास संक्रांतीच्या वेळीं पाहा. तेथें पतंग हा साऱ्या गांवाचा उत्सव असतो, आणि पतंगाचा दोरा गुंडाळावयाच्या साधनास तेथें आसारी असें खास नांव आहे. वडिलांनीं आसारी धरावी आणि मुलानें पतंग चढवावा. मुलाचा पतंग कापला गेला तर वडिलांनीं हंसावें व दुसरा बांधून द्यावा. हरण्याची रीत शिकविण्यास ह्याहून चांगला तास कोणता? नायलॉनचा मांजा मात्र घरांत येऊं देऊं नये. त्यानें पांखरांचे पंख व माणसांचे गळे कापले जातात, म्हणून कायद्यानेंच त्यास मनाई आहे. आपल्या आनंदाची दोरी दुसऱ्याच्या गळ्याभोंवतीं बसतां कामा नये, हाहि एक धडाच आहे.

घरच्या दुरुस्त्यांचेंहि तसेंच आहे. सायकलचें पंक्चर, गळणारा नळ, खुर्चीचा ढिला पाय, भिंतीचा रंग, हीं कामें माणूस बोलावून होतात, आणि कित्येकदां माणूस बोलाविणेंच शहाणपणाचें असतें. विजेच्या तारांशीं तर अर्धवट ज्ञानानें खेळूं नये. परंतु वर्षांतून चार कामें तरी अशीं असावींत कीं, जीं बाप व मुलें मिळून करितील. नाझरेथच्या सुताराच्या घरीं वाढलेल्या मुलास त्याच्या गांवचे लोक पुढें ‘सुतार’ म्हणूनच ओळखीत होते, असें शुभवर्तमानांत सांगितलें आहे. त्या दुकानांत त्यानें काय काय घडविलें, ह्याची नोंद कोणी ठेविली नाहीं. परंतु बापाच्या शेजारीं उभें राहून हातानें काम करणें ही गोष्ट हलकी नाहीं, एवढें त्यावरून कळतें.

सहलींविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण वडिलांच्या छंदांपैकीं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत बिघडलेला आहे. सहल म्हणजे गाडींत बसणें, हॉटेलांत खाणें, मोबाईलवर आपलींच छायाचित्रें काढणें आणि वाहनांच्या गर्दींतून दमून घरीं येणें, असा तिचा अर्थ आतां होऊं लागला आहे. नाशिककरांस तर हें मुळींच शोभत नाहीं. कारण आपल्या उंबरठ्याबाहेर पाहण्याजोग्या गोष्टी जितक्या आहेत, तितक्या फार थोड्या शहरांच्या वांट्यास आल्या असतील.

त्रिरश्मि डोंगरावरील लेणीं घ्या. आपण त्यांस पांडवलेणीं म्हणतों. परंतु तीं पांडवांचीं नसून बौद्ध भिक्षूंसाठीं खोदलेलीं आहेत. तेथील तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्री ह्या सातवाहन राजमातेचा शिलालेख आहे. तिचा नातू पुळुमावि ह्याच्या कारकीर्दीच्या १९ व्या वर्षीं तो कोरला गेला, आणि त्यांत तिनें आपला दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि ह्याचे गुण वर्णिले आहेत. आजी, मुलगा आणि नातू असे एका घराच्या तीन पिढ्यांचे लोक त्या एका दगडावर एकत्र आले आहेत. हें वडिलांनीं आधीं वाचून ठेवावें, आणि त्या लेखासमोर उभें राहून मुलांस सांगावें. मग इतिहासाच्या पुस्तकांतील सातवाहन घराणें मुलांस परकें वाटणार नाहीं. त्याच डोंगराच्या पायथ्याशीं फाळके ह्यांचें स्मारक आहे. एका सकाळींत दोन्ही होतात.

किंवा थंडीच्या दिवसांत निफाड तालुक्यांतील नांदूरमध्यमेश्वरास जावें. गोदावरी व कादवा ह्यांच्या संगमाजवळ बंधारा घातल्यामुळें तेथें पाणी सांचलें, गाळ बसला, पाणवनस्पति वाढल्या आणि पांखरांस आसरा मिळाला. दूर देशांतून हिवाळ्यांत बदकें व इतर पाणपक्षी तेथें उतरतात. २०२० सालीं ह्या पाणथळाची नोंद रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांत झाली. महाराष्ट्रांतील असें हें पहिलेंच स्थळ होय. तेथें जाण्यास मोठी सामग्री लागत नाहीं. एक दुर्बीण, एक वही आणि गप्प बसण्याची तयारी, एवढें पुरें. वही मुलांच्या हातीं द्यावी. कोणतें पांखरूं, किती, काय करीत होतें, हें मुलांनीं लिहावें. नांव ठाऊक नसेल तर चित्र काढावें. वडिलांस नांव ठाऊक नसलें तर त्यांनीं मोकळेपणानें ‘मला ठाऊक नाहीं, आपण शोधूं’ असें म्हणावें. हें एक वाक्य बापाच्या तोंडून ऐकलेलें मूल पुढें वर्गांत प्रश्न विचारण्यास भीत नाहीं, हा माझा शिक्षक ह्या नात्यानें अनुभव आहे.

परंतु येथेंच दुसरी अट आठवावी. पहाटे सहाला निघावयाचें म्हणजे घरांत चार वाजतां कोण उठतें? दशम्या कोण भाजतें, पाण्याच्या बाटल्या कोण भरतें, धाकट्याचे कपडे कोण घेतें, आणि संध्याकाळीं सर्वजण दमून पडल्यावर डबे कोण घांसतें? ज्या सहलीचा आनंद चौघांचा आणि श्रम एकटीचे, ती सहल वडिलांचा छंद आहे, कुटुंबाचा नव्हे. सरस्वतीबाईंनीं दिवसा सर्वांचा स्वयंपाक केला आणि रात्रीं अंधारांत बसून फितीला छिद्रें पाडलीं. त्यांचें नांव घेतल्यावांचून फाळके ह्यांची कथा पुरी होत नाहीं, हें आतां कोठें लोक बोलूं लागले आहेत. आपल्या घरांतील सरस्वतीबाईंचें नांव घेण्यास आपण शंभर वर्षें कां थांबावें? आदल्या रात्रीं कणीक वडिलांनीं मळावी, डबे मुलांनीं भरावे, आणि सहलीच्या ठिकाणीं आईनें कांहीं एक न करतां नदीकडे पाहत बसावें. असें एकदां करून पाहावें.

वेळ व पैसा ह्यांची अडचण मला दिसत नाहीं असें नाहीं. सातपूर व अंबड येथील कारखान्यांतून पाळीनें काम करणारे वडील आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत ज्यांस द्राक्षबाग एक दिवस मोकळा देत नाहीं, असे शेतकरी वडील आहेत. त्यांस आठवड्याची सहल सांगणें ही थट्टा होईल. परंतु छंदास लागणारा वेळ हा मोठा असण्यापेक्षां ठरलेला असणें अधिक महत्त्वाचें. वाटाण्याच्या कुंडीस रोज थोडाच वेळ लागत असेल. पण तो रोज दिला गेला. रात्रपाळी करून आलेल्या वडिलांनीं रविवारीं अर्धा तास मुलीबरोबर सायकल उलटी करून ठेवली, किंवा बागाईतदारानें छाटणी कां व कोठें करतात हें मुलाच्या हातीं कात्री देऊन एका वेलीवर दाखविलें, तर तो अर्धा तास वाया गेला असें कोण म्हणेल? पैशाविषयीं तर बोलावयासच नको. कुंडी, माती आणि मूठभर वाटाणे एवढ्यांस फार पैसे पडत नाहींत.

काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हल्लीं कित्येक पालक मुलांचा सर्व मोकळा वेळ शिकवण्यांस विकत देतात. शाळा सुटली कीं शिकवणी, रविवारीं चाचणी, सुटींत पुढील इयत्तेचा वर्ग. पालक मनांत म्हणतात, आम्हीं मुलासाठीं सर्व कांहीं केलें. केलें खरें, परंतु त्या मुलास आपले वडील काय करूं शकतात, त्यांस कशांत आनंद वाटतो, हें ठाऊकच नसतें. त्यास ते दोनच वेळां भेटतात : फी भरतांना आणि गुणपत्रिका पाहतांना. अशा मुलास वडिलांविषयीं आदर वाटेल, भीति वाटेल, कदाचित् कृतज्ञताहि वाटेल. पण ओळख राहणार नाहीं. आणि पुढें आयुष्यांत खरी अडचण आली म्हणजे मूल ओळखीच्या माणसाकडे जातें, नुसत्या आदरणीय माणसाकडे जात नाहीं.

ज्या मुलांचे वडील हयात नाहींत किंवा दूर असतात, त्यांनीं हा लेख वाचून खिन्न होऊं नये. आजोबा, मामा, काका, शेजारचा सुतार, शाळेंतील शिक्षक, आणि अनेक घरांत स्वतः आईच, ही जागा भरून काढितात. मुलास कोणी तरी एक वडील माणूस असें लाभावें कीं, जें आवडीनें काम करतें आणि त्या कामांत त्यास शेजारीं बसवून घेतें. तें कोण, हा प्रश्न गौण आहे.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटीं तुम्हांस एक काम सांगतों. आज घरीं गेल्यावर वडिलांस विचारा, ‘बाबा, तुम्ही माझ्याएवढे होतां तेव्हां तुम्हांस काय करावयास आवडत असे?’ उत्तर लगेच येणार नाहीं. कदाचित् ते हंसतील, कदाचित् ‘अभ्यास कर’ असें म्हणतील. तुम्ही रागावूं नका. दोन दिवसांनीं पुन्हा विचारा. बहुतेक घरांतून पेटीच्या तळाशीं एखादी बांसरी, माळ्यावर कॅरमचा पट, कपाटांत तिकिटांची वही किंवा गंजलेली करवत सांपडेल. ती तुम्हींच बाहेर काढा, पुसून स्वच्छ करा आणि त्यांच्या हातीं द्या. आणि पालकहो, ती तुमच्या हातीं आली म्हणजे ‘आतां कोठें वेळ आहे’ असें म्हणून परत ठेवूं नका. तुमचें मूल जवळ बसलेलें असेल. त्यास थोडी जागा करून द्या.